मधल्या युनिटची बिन

टाउनहोम बघायला गेलेला माणूस किचन बघतो, शाळेचं रेटिंग बघतो, गराजात गाडी लावल्यावर तिचं दार पूर्ण उघडतं का तेही बघतो. कचऱ्याच्या दोन बिन कुठे राहणार, हे मात्र कोणी विचारत नाही. रिअल्टर आपणहून सांगणं शक्यच नाही. ओपन हाउसच्या दिवशी त्या कुठेतरी गायब केलेल्या असतात.

आमची कम्युनिटी मध्य न्यू जर्सीतली. एकेका रांगेत सहा-आठ घरं, भिंतीला भिंत. टोकाच्या घराला एक बाजू मोकळी मिळते. तिथे एसीच्या कंडेन्सरशेजारी बिन ठेवल्या, पुढे दोन झुडपं लावली की काम झालं. मधल्या घराला पुढे दार आणि गराज, मागे डेक. बिन मागे ठेवायची तर दर आठवड्याला ती हॉलमधून, कार्पेटवरून पुढे आणायची, नाहीतर अख्ख्या रांगेला वळसा घालून कॉमन लॉनवरून ओढत आणायची. दोन्ही कोणी करत नाही. त्यामुळे ‘बिन रस्त्यावरून दिसता कामा नये’ या एका ओळीचा अर्थ टोकाच्या घराला ‘झुडपं लावा’ असा होतो आणि मधल्या घराला ‘गाडी बाहेर काढा’ असा. एका गाडीच्या गराजात गाडी, बर्फाचं फावडं, मिठाची पिशवी, भारतात न्यायच्या सामानाची अर्धी भरलेली बॅग आणि वर दोन बिन एवढं मावत नाही. आणि गराजातून घरात यायचं दार किचनपाशी उघडतं. जुलैत काय होतं ते मधल्या घरवाल्यांना सांगायला नको.

ही तक्रार मी बरीच वर्षं फक्त नवऱ्याजवळ करत होते. मग आमच्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या असोसिएशनच्या, बोर्डावरची एक जागा रिकामी झाली, उभं राहायला कोणी तयार नव्हतं, आणि मी बिनविरोध निवडून आले. (एचओएच्या निवडणुका बहुधा अशाच होतात. लोकशाहीबद्दल फार भ्रम असतील तर एकदा जाऊन बघा.) पहिल्याच मीटिंगला प्रेसिडेंटबाईंनी नियमपुस्तकातलं कचऱ्याचं पान माझ्यापुढे सरकवलं. बाई निवृत्त शिक्षिका आहेत, नजर अजून वर्गावरच असते. म्हणाल्या, “तू कामावर असलंच काहीतरी लिहितेस ना?”

मी औषधांच्या कंपनीत क्वालिटी विभागात आहे, एसओपी, म्हणजे कामाच्या लेखी कार्यपद्धती, लिहिते. कुठलं बटण कधी दाबायचं, दाबल्यावर सही कुठे करायची. तेव्हा नाही म्हणायला जागा नव्हती.

जुनं पान वाचलं तर निम्म्या ओळी दंडाच्या. पहिल्यांदा पत्र, दुसऱ्यांदा पंचवीस डॉलर, तिसऱ्यांदा पन्नास. काय करायचं नाही ते सगळं ठळक अक्षरात, का करायचं नाही ते कुठेच नाही. आमच्या धंद्यात ज्या पायरीचं कारण लिहिलेलं नसतं ती पायरी ऑपरेटर सगळ्यात आधी गाळतो, हे मी ऑडिटमध्ये कितीदा तरी पाहिलंय. म्हणून मी बोर्डाला सांगितलं की प्रत्येक नियमापुढे कारण लिहीन, आणि ज्या नियमाचं कारण कोणालाच सांगता येणार नाही तो खोडीन. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या अर्ध्याकडे बहुतेक कोणाचं लक्ष गेलं नसावं.

पहिला प्रश्न कारणाचा नव्हे, पैशाचा निघाला. कम्युनिटीत हा वाद कायमचाच असतो की आपण टाउनशिपला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, मग रस्ता खाजगी म्हणून कचऱ्याचे पैसे असोसिएशनच्या फीमधून वेगळे का द्यायचे? न्यू जर्सीत याला उत्तर आहे. म्युनिसिपल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासूनचा. सार्वजनिक रस्त्यावरच्या घरांचा कचरा, रिसायकलिंग, पडलेली पानं टाउनशिप उचलत असेल, बर्फ काढत असेल, दिवे लावत असेल, तर आमच्यासारख्या खाजगी कम्युनिटीलाही तीच सेवा द्यायची, नाहीतर त्यासाठी टाउनशिपला स्वतःला जेवढा खर्च आला असता तेवढ्यापर्यंत पैसे परत द्यायचे. मात्र टाउनशिप कोणाचाच कचरा उचलत नसेल, लोक आपापला कचरा नेणारा ठेकेदार लावत असतील, तर आपल्यालाही काही मिळत नाही. आमच्याकडे टाउनशिपची गाडी आत येते. शेजारच्या गावातल्या मैत्रिणीकडे असोसिएशनचा ठेकेदार येतो आणि टाउनशिपकडून पैसे परत मिळतात. तिच्याकडचे नियम म्हणूनच वेगळे आहेत. तिच्याकडून ऐकून आमच्या बोर्डाशी भांडायला येणाऱ्यांसाठी ही एक ओळ पानावर सगळ्यात वर घातली.

दुसरी ओळ त्याच जातीची. रिसायकलिंग हा असोसिएशनचा हट्ट नाही. १९८७ च्या कायद्याने ते राज्यभर सक्तीचं झालं. कोणत्या वस्तू वेगळ्या काढायच्या ते काउंटी, म्हणजे जिल्हा, ठरवते आणि गाव त्याचा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक नियम, करतं. त्याच्याही आधी, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, याच राज्यातल्या वुडबरी गावाने दारोदारचं रिसायकलिंग सक्तीचं केलं होतं, देशात पहिल्यांदा म्हणतात ते तेच. म्हणजे उद्या आमची एचओए बरखास्त झाली तरी बाटली कचऱ्यात टाकायची नाहीच. आणि नणंदेच्या काउंटीत जे चालतं ते आपल्याकडे चालेलच असं नाही, याचं कारणही तेच.

आता बिनची जागा. कर्बपाशी, म्हणजे रस्त्याच्या कडेला, बिन ठेवताना चाकं घराकडे, दोन बिनमध्ये हातभर अंतर, गाडी आणि मेलबॉक्सपासून लांब. हा नियम जुन्या पानावरही होता आणि लोकांना तो निव्वळ छळ वाटायचा. आमच्या ड्राइव्हवे इतक्या जवळ-जवळ आहेत की मधली हिरवळीची पट्टी जेमतेम दोन बिनची. या नियमाचं कारण असं की आमच्याकडे आता मागे लटकणारी माणसं नाहीत. ड्रायव्हर एकटा असतो, गाडीच्या बाजूला यांत्रिक हात असतो, तो जॉयस्टिकने बाहेर येतो, बिनला दोन्ही बाजूंनी मिठी मारतो, उचलतो आणि उलटी करतो. मिठी मारायला बाजूला जागा नसेल तर तो शेजारची बिन पाडतो किंवा तुमच्या गाडीचा आरसा. चाकं रस्त्याकडे असली तर झाकण उलट्या बाजूने उघडतं आणि अर्धा कचरा रस्त्यावर. एवढं लिहिलं आणि खाली एक चित्र काढलं. पान वाटलं त्याच आठवड्यात आमची रांग सैन्यातल्यासारखी सरळ उभी होती. दंडाने जे झालं नव्हतं ते त्या यांत्रिक हाताच्या चित्राने झालं, आणि मी ते प्रेसिडेंटबाईंना फोटो काढून पाठवलं. मला तेवढा मोह आवरत नाही.

वेळेचा नियमही टिकला. आदल्या संध्याकाळी सहाच्या आधी बिन बाहेर नाही, पिकअपच्या रात्रीपर्यंत परत आत. इथे कारण रकून. बिनचं झाकण त्याला उघडता येतं, निदान आमच्याकडच्यांना तरी. आणि झाकण बंद होत नाही इतकी भरलेली बिन असेल तर कावळे सकाळी सहालाच हजर. उशिरा बाहेर ठेवली तर वास कमी वेळ पसरतो एवढंच. यावर आमच्या घरात जुनी पद्धत आहे. पिकअप मंगळवारी सकाळी, मासे आणतो शनिवारी. म्हणून कोलंबीची सालं, माशाची डोकी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये जातात आणि सोमवारी रात्री थेट बिनमध्ये. सासूबाई आल्या होत्या तेव्हा आइसक्रीम शोधताना त्यांच्या हाताला ती पिशवी लागली. “अगं, कचरा कोणी फ्रीझमध्ये ठेवतं का!” मी त्यांना गराजात नेऊन उभं केलं. पुढच्या शनिवारी पिशवीला गाठ त्यांनीच मारली.

इथपर्यंतचं सोपं होतं. खरा वेळ गेला रिसायकलिंगच्या यादीत.

जुनी यादी म्हणजे ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ असे दोन रकाने. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या ‘चालत नाही’मध्ये, आणि लोक बाटल्या-कागद सगळं एका मोठ्या पिशवीत गाठ मारून टाकायचे. व्यवस्थित, नीटनेटकं. टाउनशिपने एकदा रहिवाशांना वर्गीकरणाच्या कारखान्यात नेलं होतं तेव्हा मी गेले होते. यादी लिहिणाऱ्या प्रत्येकाने एकदा जावं. गाडी आतल्या फरशीवर सगळं ओतते, लोडर ते पट्ट्यावर चढवतो. पट्ट्याच्या सुरुवातीला हातमोजे घातलेली माणसं उभी असतात आणि जे यंत्रात जाऊ नये ते उचलून फेकतात. गाठ मारलेली पिशवी त्यांच्यापुढून सरकत जाते, उघडायला वेळ नसतो, आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून ती अख्खी कचऱ्यात. तुम्ही धुतलेल्या बाटल्यांसकट.

तिथून पुढे फिरत्या चकत्यांची चाळण लागते. पुठ्ठा चपटा आणि मोठा, तो चकत्यांवरून पुढे निघून जातो, बाकीचं खाली पडतं. सुटी पिशवी, बागेचा पाइप, कपड्यांचा तारेचा हँगर, ख्रिसमसच्या दिव्यांची माळ यातलं काहीही या चकत्यांच्या दांड्यांना गुंडाळलं जातं. गुंडाळत-गुंडाळत चाळण बंद पडते, मग यंत्र थांबवून माणूस आत चढतो आणि सुरीने ते कापून काढतो. आम्हाला दाखवलं तेव्हा दांडीभोवती मनगटाएवढा जाड थर होता, त्यात किराणा दुकानाच्या पिशव्या ओळखू येत होत्या. पुढे लोहचुंबक पत्र्याचे डबे उचलतो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून तिथे फिरत्या चुंबकीय क्षेत्राचं यंत्र असतं आणि त्यावरून जाताना सोड्याचे कॅन उडी मारून पलीकडच्या खणात पडतात. प्लॅस्टिकची जात प्रकाशाने ओळखतात आणि हवेच्या झोताने ते बाजूला उडवतात. काळं प्लॅस्टिक त्या प्रकाशाला बहुतेक दिसतच नाही, टेकआउटचे काळे डबे म्हणून घ्यायचे नाहीत. मुठीत मावेल असं जे काही आहे, औषधाच्या छोट्या बाटल्या, सुटी बुचं, श्रेड केलेला कागद, ते चाळणीतून काचेच्या चुऱ्यात जातं.

हे पाहिल्यावर यादीच बदलली. ‘चालत नाही’ असा रकाना काढून टाकला आणि तिथे लिहिलं: गुंडाळतं, निसटतं, दिसत नाही, तेलकट करतं. प्रत्येक वस्तू यातल्या एका कारणाखाली. लोकांना नवीन वस्तू हातात आली की यादीत शोधावी लागत नाही, अंदाज येतो. माझ्या मते या पानावरचं हेच एक काम खरं झालं, बाकी शुद्धलेखन.

तेलकटबद्दल मात्र घरोघरी वाद होतात. पिझ्झा बॉक्सचा तळ तेलाने भिजलेला असेल तर फाडून कचऱ्यात, वरचं कोरडं झाकण पुठ्ठ्यात. आमच्या टाउनशिपचा तसा नियम आहे. तुपाची बरणी, लोणच्याची बरणी आधी पेपर टॉवेलने पुसायची, मग उरलेल्या भांड्यांच्या पाण्यात एकदा खळखळवायची. डिशवॉशर लावायची गरज नाही. आमच्या ओळखीत एक गृहस्थ रिसायकलिंगसाठी बरण्या डिशवॉशरमध्ये लावतात आणि मग पाण्याच्या बिलाबद्दल बोलतात. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका हे मी कचऱ्याच्या पानावर मुद्दाम घातलं, कारण तेल थंड झाल्यावर पाइपात थिजतं आणि प्लंबर रविवारचे जादा पैसे घेतो. जुन्या डब्यात, टिश्यूत शोषून, कचऱ्यात.

एवढ्या भेसळीबद्दल एवढी काटेकोर कटकट का, असं बोर्डावरच एकाने विचारलं. पूर्वी चालायचं ना? चालायचं, कारण अमेरिकेतला कितीतरी कागद आणि प्लॅस्टिक जहाजाने चीनला जायचं आणि तिथे कोणीतरी हाताने निवडायचं. २०१८ च्या सुरुवातीला चीनने मिश्र कागद आणि बरंचसं प्लॅस्टिक घेणं बंद केलं, आणि जे घ्यायचं ठेवलं त्यात अर्ध्या टक्क्याहून जास्त भेसळ नको अशी अट घातली. माल खपेना, गावांचे करार महाग झाले. त्यानंतर आमचा ड्रायव्हर झाकण उघडून बघायला लागला. वरच पिशवी दिसली तर केशरी स्टिकर चिकटवतो आणि बिन तशीच ठेवून पुढे जातो.

शेजारचे गुजराती काका या सगळ्याला दाद देत नव्हते. दर वेळी डबा उलटा करून मला दाखवायचे, “बेटा, त्रिकोण छे ने? पाँच नंबर!” तो त्रिकोण आणि आकडा १९८८ मध्ये प्लॅस्टिक उद्योगाच्याच संघटनेने आणला. प्लॅस्टिक कोणत्या जातीचं आहे एवढंच तो सांगतो. ते परत वापरात येईल असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, पण बाण बघून सगळ्यांना तसंच वाटतं आणि वाटावं हेच उद्योगाच्या सोयीचं होतं, असं माझं मत आहे. २०१३ मध्ये मानक बदलून बाणांऐवजी भरीव त्रिकोण आला, तरी डब्यांवर बाण आजही आहेतच. आमच्याकडे १, २ आणि ५ घेतात, तेही बाटली, बरणी किंवा दह्याच्या डब्याच्या आकाराचं असेल तर. काकांचा पाच नंबरचा डबा काळा होता. मी त्यांना ‘दिसत नाही’चा रकाना दाखवला. ते म्हणाले, मग बनवतात कशाला? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, एसओपीत तो रकाना नसतो.

आपल्या घरांतल्या कितीतरी वस्तू टाउनशिपच्या यादीत नाहीतच, कारण यादी लिहिणाऱ्याने त्या कधी पाहिलेल्या नाहीत. बासमतीची पिशवी विणलेल्या प्लॅस्टिकची, वर झिप आणि शिवलेले कान. ती ‘गुंडाळतं’मध्ये जाते, म्हणजे कचरा. सासूबाईंनी मात्र एकही टाकू दिली नाही. डेकवरच्या कुंड्यांखाली, गराजात बुटांखाली, सगळीकडे त्याच. पेपरची रद्दी ‘विकत’ कोणी घेत नाही, उलट नेण्याचे पैसे आपणच देतो, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. गणपतीचं थर्माकोलचं मखर कर्बवरच्या बिनमध्ये चालत नाही. तुकडे होऊन सगळ्या कागदात मिसळतं. गेल्या काही वर्षांत आमच्या रांगेतली मखरं पुठ्ठ्याची झाली, त्याचं श्रेय नियमाला नाही, अ‍ॅमेझॉनच्या खोक्यांना.

आणि निर्माल्य. आमच्या कम्युनिटीच्या मागे छोटं तळं आहे. न्यू जर्सीतल्या बहुतेक नव्या वसाहतींत असतं, पावसाचं पाणी साठवायला. त्यात एकदा हार, नारळ आणि दोऱ्यासकट पूजेची पिशवी तरंगताना सापडली. लँडस्केपरने फोटो काढला, मॅनेजमेंट कंपनीने तो सगळ्यांना पाठवला, आणि बोर्डावरची एकटी भारतीय म्हणून सगळे माझ्याकडे बघायला लागले. तळ्याचं पाणी पुढे ओढ्यात जातं, त्यात काही टाकायला स्टॉर्मवॉटरच्या नियमांनी बंदी आहे, नारळ अडकला तर बाहेरची जाळी तुंबते. हे मी इंग्रजीत लिहिलं. मराठी, गुजराती, तेलुगू घरांना मात्र फोन करून सांगितलं, कारण असलं पत्राने सांगितलं की माणसं दुखावतात. दोरा आणि जर काढून फुलं आपल्या कुंडीतल्या मातीत दाबा, नारळ फोडून खा. आमच्याकडे ती कुंडी तुळशीचीच आहे. कॉमन लॉनवरच्या झुडपांखाली नको, ती जमीन आपली नाही. सगळ्यांनी ऐकलं. फक्त एका काकूंनी विचारलं, “आणि करवंटी?” करवंटी कचऱ्यात, दुसरा इलाज नाही.

पिशव्यांच्या कायद्याने एक गंमत केली. ४ मे २०२२ पासून न्यू जर्सीत दुकानांनी प्लॅस्टिकची पिशवी द्यायची नाही, मोठ्या किराणा दुकानांनी तर कागदाचीही नाही. चांगलं झालं, पण बाथरूमच्या छोट्या डब्यात घालायला फुकट पिशवी मिळायची ती गेली, आणि घरपोच किराण्याबरोबर दर वेळी येणाऱ्या जाड कापडी दिसणाऱ्या पिशव्यांचा ढीग झाला. त्या कापडी नाहीत, प्लॅस्टिकच आहेत, आणि रिसायकलिंगमध्ये चालत नाहीत. आमच्या क्लबहाउसमध्ये आता त्यांची एक पेटी ठेवली आहे, गरजूंना अन्न वाटणारे फूड पँट्रीवाले येऊन नेतात. हा नियम नाही, सोय आहे, म्हणून पानावर शेवटी.

बॅटरीबद्दल मात्र मी ठळक अक्षर वापरलं, एकदाच. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. जुना फोन, मुलांची खेळणी, गाणारी ग्रीटिंग कार्डं, व्हेप, यात बॅटरी आहे हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आमच्या रस्त्यांवर घरं भिंतीला भिंत आहेत आणि गल्ली पुढे बंद. पेटलेली गाडी तिथे उभी राहिली तर काय, हे बोर्डाला समजावून सांगावं लागलं नाही. टीव्ही, लॅपटॉप, मॉनिटर कचऱ्यात टाकायला राज्यात २०११ पासून बंदीच आहे, ते काउंटीच्या संकलनाला किंवा घेणाऱ्या दुकानात.

खोडलेले नियम म्हणाल तर थोडेच. ‘बिनवर युनिटचा नंबर फक्त पांढऱ्या रंगात’, याचं कारण कोणाला आठवेना. ‘रविवारी कचरा बाहेर काढू नये’, हे म्हणे आधीच्या बोर्डावरच्या कोणाला तरी खिडकीतून दिसायचं. दोन्ही गेले.

राहिला तो दिसण्याचा. बिन रस्त्यावरून दिसता कामा नये. कारण काय, तर घरांच्या किमती. मी म्हटलं, मग सगळ्यांनी सारखं लपवावं, अर्ध्यांनी झुडपाआड आणि अर्ध्यांनी गाडी उन्हात उभी करून नव्हे. वाद तिथेच अडकला असता, पण त्याच महिन्यात मधल्या युनिटमधल्या एका आजोबांचं दंडाचं प्रकरण बोर्डापुढे आलं. ते वॉकर घेऊन चालतात. गराजाची पायरी उतरून बिन ओढणं जमेना म्हणून त्यांनी ती पुढच्या दाराशी, झुडपामागे ठेवली होती. मॅनेजमेंट कंपनीने फोटो काढून पत्र पाठवलं, मग दुसरं. इथे न्यू जर्सीत असोसिएशनला वाद सोडवायची कोर्टाबाहेरची सोय द्यावी लागते, आणि आजोबांच्या मुलीने ती मागितली. शिवाय फेअर हाउसिंगच्या कायद्यात १९८८ मध्ये अपंगत्वाची भर पडली तेव्हापासून अशा माणसासाठी नियमात वाजवी सूट देणं एचओएलाही बंधनकारक आहे. वकिलाने ते फोनवरच सांगितलं. त्या फोनचं बिल दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठं आलं. दंड रद्द झाला. टाउनशिपकडे अर्ज केल्यावर ड्रायव्हर त्यांची बिन दारापासून नेतो आणि परत ठेवतो, ही सेवा आधीपासून होती. जुन्या पानावर तिचा उल्लेख नव्हता. आता तो टाउनशिपच्या नंबरसकट आहे.

पण आजोबांना सूट मिळाली म्हणजे मधल्या घरांचा प्रश्न सुटला असं नाही, हे मी मीटिंगमध्ये लावून धरलं. पुढच्या दाराशेजारी, गराजाच्या भिंतीला लागून, चार फूट उंच जाळीचा आडोसा मधल्या युनिटला उभा करू द्या, एवढीच मागणी. टोकाच्या युनिटमध्ये राहणारे दोघं विरोधात. एक म्हणाले, सगळ्या दारांशी असले आडोसे आले तर रांग कशी दिसेल? मी म्हटलं, तुमच्या बाजूच्या झुडपांसारखीच. प्रेसिडेंटबाई मधल्या युनिटमध्ये राहतात, हे मला मतदानाच्या वेळी लक्षात आलं.

एका मताने झालं. आडोसा तपकिरी व्हायनलचाच, क्लबहाउसच्या कुंपणाला आहे तोच रंग; खर्च ज्याचा त्याचा; खिडकीपासून तीन फूट लांब; आणि जमीन कॉमन असल्यामुळे आधी आर्किटेक्चरल कमिटीची परवानगी. फॉर्म पोर्टलवर आहे, बरोबर मोजमापांचं रेखाचित्र जोडावं लागतं. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते, तेव्हा उन्हाळ्याच्या आधी हवा असेल तर एप्रिलपर्यंत भरा. टोकाच्या युनिटमधल्या त्या दोघांपैकी एकांनीही फॉर्म मागवलाय, त्यांची झुडपं या हिवाळ्यात हरणांनी खाल्ली.